पुलाखालची वीतभर जागा

“ही कोणाकडची कामवाली? आत कशी आली?”

कॉलनीच्या अध्यक्षीणबाईंनी हे विचारलं तेव्हा मी गाडीची शिडी पुसत होतो. लातूरला, औसा रोडच्या अंगाला असलेली पैसेवाल्यांची कॉलनी. बागेसमोर आमची गाडी उभी. बायकांच्या छातीचा फोटो काढून कॅन्सरची गाठ शोधायची मशीन त्या गाडीत असते. मी तिचा ड्रायव्हर. समोर मंडप, खुर्च्यांना पांढरी कापडं, पोहे, वर लिंबाची फोड. कॉलनीतल्या बायका चिठ्ठीवर नंबर घेऊन बसलेल्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी धरलेली एक बाई उभी. चपला तिनं गेटजवळच काढून ठेवल्या होत्या. सिमेंटच्या रस्त्यावर. कुणी सांगितलं नव्हतं.

ती माझी अक्का होती. सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर मला वाढवलेली.

बाई माझ्याकडं वळल्या. “ड्रायव्हर, तुमच्या ओळखीची आहे का?”

मी म्हणालो, “नाही.”

अक्कानं माझ्याकडं बघितलं. पुरतं बघितलंही नाही. एखाद्यानं चुकून चटका बसल्यावर हात मागं घ्यावा तशी नजर मागं घेतली. मग बाईंना म्हणाली, “चुकून आले बाई. दुसराच पत्ता होता.”

“राहता कुठं?”

“मुदखेडला. फाटकापलीकडं.”

“मग तिकडं बघा ना. हा कॅम्प आमच्या कॉलनीपुरता आहे. आणि तुम्हा कष्टाच्या बायकांना असलं काही होत नसतं हो. हे आमचे लाडावलेले आजार.”

बायका हसल्या. मीही हसलो.

हे लिहायला लई दिवस लागले. पण लिहितो. मीही हसलो.

अक्कानं गेटजवळ चपला घातल्या. वळून बघितलं नाही. गाडीच्या दारात मशीनवाल्या सिस्टर उभ्या होत्या. निलंग्याकडच्या, बोलायला कमी. त्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आमची दोघांची हनुवटी एकाच साच्यातली आहे. सिस्टर आत गेल्या. पुढचा नंबर पुकारला.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस की कोण. थांबा. मी किती मोठा गाढव आहे ते अजून तुम्हाला कळलेलं नाही.

नोकरीला लागलो त्या दिवशी आमच्या मॅडमनी, म्हणजे गाडीचं सगळं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं, “कुठले तुम्ही?” मी म्हणालो, मुदखेड. “मुदखेडात कुठं?” आमच्याकडं पहिल्या प्रश्नात गाव विचारतात. दुसऱ्या प्रश्नात जात. फाटकापलीकडं म्हटलं की विहार आला, निळा झेंडा आला, पत्र्याची घरं आली, सगळं आलं. मी म्हणालो, “स्टेशनजवळ, मॅडम. दोन मजली घर आहे. बहीण शिक्षिका आहे.” घर पत्र्याचं. अक्का शाळेत खिचडी शिजवते. पण थाप मारायचीच तर एका मजल्याची कशाला मारावी? मी दुसराही चढवला.

तिकडं अक्कालाही सोडलं नाही. तिला सांगितलं, गाडी कुठं जायची ते मीच ठरवतो. उद्या गाडी कुठं लागणार तेही फोनवर मिरवायचो. टोपी घालून फोटो पाठवला. तिनं तो वस्तीभर दाखवला. “माझा भाऊ म्हणंल तिथं गाडी जाते.” सुट्टीला गेलो की बायका घोळका करायच्या. कुणी पोटाचं सांगायची, कुणी पायाच्या मुंग्यांचं. मी जिभा बघायचो. डोळ्यांच्या पापण्या ओढायचो. एकीला तर म्हणालो, मिठाचं पाणी कमी प्या. ती म्हणाली, “मी कुठं पिते?” मी म्हणालो, “म्हणूनच सांगून राहिलो.” वस्तीत माझा भाव डॉक्टरच्या खालोखाल. डॉक्टर तिथं कधी येत नव्हता, म्हणून वरचढच.

अशा दोन थापा अंगावर घेऊन मी सुखानं गाडी चालवत होतो. त्या दिवशी त्या दोन्ही थापा कॉलनीच्या बागेसमोर एकमेकींच्या अंगावर आल्या. एक वाचवायला मी बहीण नाकारली.

संध्याकाळी फोन केला. ती परतीच्या बसमध्ये होती. पहाटेची पॅसेंजर धरून नांदेड, तिथून लाल डब्बा धरून लातूर, आणि तसंच उलटं. एका दिवसात.

“अक्का, कशाला आली होतीस?”

“तुला बघाया.”

“खरं सांग.”

“बघितलं की. टोपी चांगली दिसती.”

एवढंच. भावाला काय सांगणार होती ती? छातीला हात लावून दाखवणार होती? तिनं ते फक्त शेजारच्या सुमनला सांगितलं होतं. सुमन तिच्यासोबत शाळेत खिचडीला असते. आंघोळीच्या वेळी बोटाला बोराएवढं काही तरी लागलं होतं. दुखत नव्हतं. सुमन म्हणाली होती, “अक्का, मामाची गाडी हाय की.” वस्तीतली पोरं मला मामा म्हणतात. म्हणून ती आली होती. जयंतीला नेसायची साडी नेसून आली होती. भावाच्या हापिसात जायचं म्हणून.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर मी हो म्हणालो असतो का? रोज विचारतो. रोज उत्तर देत नाही.

फोन ठेवताना ती म्हणाली, “आमच्याकडं कवा यील रं गाडी?”

“येईल की. मीच ठरवतो ना.”

त्यात अर्धं खरं होतं. तेच तर वाईट झालं. गाडी कुठंही न्यायच्या आधी ड्रायव्हरनं मोटारसायकलवर जाऊन जागा बघायची आणि पाहणीचा फॉर्म भरायचा, अशी आमची पद्धत. रस्ता आहे का, गाडी वळेल का, सावली, पाणी, बायका येतील का. खाली एक मोठा रकाना: अडचणी. तो फॉर्म मॅडम बघतात आणि महिन्याचा मार्ग ठरतो.

त्याच औसा रोडच्या कॉलनीच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, “नळाच्या कामासाठी रस्ता खोदला आहे. गाडी जात नाही.” मॅडमनी ते वाचलं आणि फोन उचलला. एक फोन, दुसरा फोन, तिसरा. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात मुरूम होता, मुरूमावर रोलर होता. “जात नाही म्हणजे काय? जायलाच पाहिजे,” असं मॅडम म्हणाल्या होत्या. बरोबरच बोलल्या होत्या.

दिवाळीनंतर मुदखेडची पाहणी लागली. गावातली जागा बघितली. मग फाटकापलीकडची वस्ती. तिथं आता फाटक राहिलं नाही, रुळाखालून भुयारी पूल झालाय. नाव मात्र फाटकच. मी पुलाच्या अलीकडच्या हॉटेलात बसलो. चहा मागवला. फॉर्म काढला.

डोक्यात एकच चित्र. गाडी विहारासमोर लागलीय. सिस्टर दारात उभ्या आहेत. अक्का पुढं येते. सिस्टर ओळखतात. मॅडमही आल्यात, फोटो काढायला. “अरे, ही तर ती बाई!” आणि अक्का मला “बाळ्या” म्हणून हाक मारते.

मी अडचणीच्या रकान्यात लिहिलं: “रेल्वे पुलाची उंची कमी. गाडी जात नाही.”

पुलाखाली गेलो नाही. मोजलं नाही. पुलाकडं तोंड करूनही बसलो नव्हतो. चहा मात्र दोनदा घेतला.

मॅडमनी फॉर्म बघितला. फोन उचलला नाही. फॉर्मवर हिरव्या शाईत लिहिलं: “ठीक.”

एक शब्द. मला हायसं वाटलं. 

अक्काला सांगितलं, “पूल बुटका हाय. गाडी बसत न्हाई.”

“तू म्हणलास तर बसंल की रं.”

“रेल्वेचं काम हाय, अक्का. बघतो. पुढच्या फेरीला आणतोच.”

“मग थांबते.”

ती थांबली. संक्रांत गेली. जयंती आली, गेली. दर फोनला ती विचारायची, सहज विचारल्यासारखं, खिचडीच्या तांदळाचं बोलता बोलता. “गाडीचं काय झालं रं?” मी दर वेळी नवी थाप द्यायचो. टायर गेलेत. मशीन दुरुस्तीला गेलीय. एकदा तर साहेब परदेशी गेलेत असं सांगितलं. तिनं साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली.

मग एका दुपारी सुमनचा फोन आला. “मामा, अक्काच्या झंपराला रगत लागून राहिलंय. तिनं सांगू नको म्हटलंय. मी सांगून राहिले.”

नांदेडच्या दवाखान्यात आम्ही भिंतीला टेकून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी नंबर लागला. डॉक्टर तरणा होता, डोळे झोपेनं लाल. कागदावर पत्ता वाचला, तपासलं, आणि वैतागला. “लिंबाएवढी झाली, फुटली, तोपर्यंत काय करत होता? तुमच्या भागातले लोक ना, कायम उशिराच येतात. अडाणीपणाला औषध नाही.”

मी मान खाली घातली. सवय.

अक्का म्हणाली, “गाडीची वाट बघत होते, साहेब.”

“कोणती गाडी?”

तिनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. “ह्याची.”

रागानं नाही बोलली. तक्रारही नव्हती. साहेबांनी विचारलं, तिनं खरं उत्तर दिलं. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगात गाडीचा शर्ट होता, खिशावर गुलाबी फीत शिवलेली. खाली लिहिलेलं, “वेळेत तपासा.” मी तो शर्ट मुद्दाम घालून गेलो होतो. वाटलं होतं, दवाखान्यात मान मिळेल.

नंतरचे कागद मी वाचले. रोग छातीपुरता राहिला नव्हता. हाडात उतरला होता.

तिला घेऊन रिक्षानं घरी चाललो होतो. पुलाजवळ रिक्षा थांबली, कारण समोरून कडब्याचा ट्रक येत होता. ट्रक म्हणजे चालतं-बोलतं गवताचं घर. वर पेंढ्या, पेंढ्यांवर दोर, दोरावर आणखी पेंढ्या. तो पुलाखालून आला. आरामात आला. ड्रायव्हरनं साधा वेगही कमी केला नाही.

अक्कानं ट्रककडं बघितलं. मग पुलाकडं. मग रस्त्याकडं. तिनं एक शिवी घातली असती तर मी आजन्म तिचे उपकार मानले असते.

लातूरला आलो. बांबू घेतला. गाडीच्या टपावर कूलिंगची पेटी आहे, तिच्या वरच्या टोकापर्यंत बरोबर मोजून कापला. सुट्टीच्या दिवशी बसच्या टपावर टाकून मुदखेडला नेला. कंडक्टर म्हणाला, “लग्नाचा मांडव हाय का?” मी म्हणालो, “उलटं हाय.” पुलाखाली बांबू उभा धरला. एकदा ह्या टोकाला, एकदा मधी, एकदा त्या टोकाला. तिन्ही ठिकाणी वर जागा उरली. बांबू उचलून पुलाला टेकवला आणि खाली सुटलेल्या फटीला वीत लावली. वीतभर. पुरी वीत.

येणारेजाणारे थांबून बघत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय मोजून राहिलास?”

मी बांबू खांद्यावर टाकला.

पुढच्या आठवड्यात आमचा वर्षाचा कार्यक्रम झाला. लातूरलाच, मोठ्या हॉलमध्ये. माझ्याकडं पाण्याच्या बाटल्या आणि पुष्पगुच्छ सांभाळायचं काम. स्टेजवर बोलायला उठल्या त्याच अध्यक्षीणबाई. हडकल्या होत्या. डोक्याला रुमाल. त्या म्हणाल्या, “माझी गाठ हरभऱ्याएवढी होती. मला काही कळलंसुद्धा नव्हतं. गाडी दारात आली म्हणून मी वाचले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. खोट्या नाही. ती बाई जगावी. शंभर वर्षं जगावी. त्या दिवशी गाडीत तिचा फोटो निघाला, त्याच दिवशी माझी अक्का गेटमध्ये चपला घालत होती. दोघींच्या अंगात एकच रोग. एकीच्या दारात मुरूम पडला. दुसरीच्या फॉर्मवर “ठीक” पडलं.

मग मॅडमनी पडद्यावर नकाशा लावला. लातूर, नांदेड, मधली गावं. जिथं रोगी सापडले तिथं गुलाबी ठिपके. चांगल्या कॉलन्यांवर ठिपक्यांची दाटी. आणि मुदखेडला रुळाच्या ह्या बाजूला, जिथला कॅम्पही तिथल्या कॉलनीपुरताच झाला होता, ठिपके, त्या बाजूला पांढरं. कोरं. त्यावर काठी ठेवून मॅडम म्हणाल्या, “ह्या भागांत मात्र समाधानकारक चित्र आहे. एकही रुग्ण नाही.”

माझ्या हातात पुष्पगुच्छ होता. तो खाली ठेवला की हातातच राहिला, आठवत नाही. मी बोललो.

“तिथं रोगी न्हाई असं न्हाई, मॅडम. तिथं गाडी न्हाई गेली.”

हॉल वळला.

“त्या कोऱ्या जागेत माझी बहीण राहते. शिक्षिका न्हाई. खिचडी शिजवते. दोन मजली घर न्हाई, पत्रा हाय. ती त्या दिवशी ह्या बाईंच्या कॉलनीत आली होती. मी ओळखत न्हाई म्हणालो.”

अध्यक्षीणबाईंनी पदर हातात धरला. खाली बघितलं. त्यांना काही आठवलं की नाही, ते मी बघितलं नाही.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “गाडी जात नाही असं फॉर्मवर तुम्हीच लिहिलंत ना?”

“मीच लिहिलं. खोटं लिहिलं. न मोजता.”

“मग चूक कोणाची?”

“माझी. पण औसा रोडला गाडी जात न्हाई म्हणालो तवा तुम्ही तीन फोन केले. फाटकापलीकडं जात न्हाई म्हणालो तर ठीक लिहिलं. एकदाही विचारलं न्हाई, किती बुटका, दुसरा रस्ता हाय का. माझं खोटं तुम्हाला इतकं पटलं कसं?”

चहाची घोषणा झाली.

नंतर ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणाल्या, वैयक्तिक दुःख समजू शकते, पण शिस्त म्हणून काही असते. मुदखेड पुढच्या वर्षी बघू. ह्या महिन्याचा मार्ग छापून झालाय. मार्ग सोडून गाडी नेली तर त्याच दिवशी चावी जमा. सही घेतली माझी. केली.

बाहेर सिस्टर उभ्या होत्या. दोन वर्षांत माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मलापण कळलं होतं. हनुवटीवरनं. मीपण गप बसले.” मग थांबून म्हणाल्या, “सोमवारी मी मशीन चालू करून मागं बसते. गाडी कुठं चाललीय ते मी बघत नसते.”

काल अक्काकडं होतो. ती पलंगावर, भिंतीला उशी लावून बसलेली. कमरेत कळ आली की बोलता बोलता थांबते, कळ गेली की त्याच शब्दापासून पुढं बोलते. तिनं सुमनकडून वहीत नावं लिहून घेतलीत. वस्तीतल्या बायकांची. वही माझ्यापुढं सरकवली.

मी वाचली. दोनदा वाचली. “तुझं नाव कुठाय?”

“माझं कशाला रं? माझा फोटू निघाला की नांदेडला.” हसली. कळ आली. थांबली. “सुमनचं पयलं धर. तिला बी काखेत लागून राहिलंय कायतरी. हरभऱ्याएवढं. भिऊन राहिलीय पोरगी.”

मग माझ्या डोळ्यांत बघत तिनं विचारलं. त्या गेटनंतर पहिल्यांदा पुरतं बघितलं.

“बाळ्या, गाडी येणार हाय का? खरं सांग. थाप नको.”

सोमवारच्या मार्गावर चाकूर छापलंय. चाकूरला गाडी थांबणार नाही. चाकूरच्या बायकांचाही मी गुन्हेगार होणार आहे, त्यांची सोमवारची वाट मी मोडणार आहे, हे मला कळतं. तो दिवस मी परत फेडीन, कसा ते आज ठाऊक नाही. पण गाडी सरळ नांदेडला जाईल, नांदेडहून मुदखेडला, आणि मुदखेडात कुठं असं कुणी विचारलं तर फाटकापलीकडं. विहारासमोर उभी राहील. चावी घ्यायला येणाऱ्यांनी तिथं यावं. रांग संपल्यावर मी स्वतः हातात देईन. आणि दारात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईकडं बोट दाखवून विचारलं, ही कोणाकडची, तर माझ्याकडची.

पुलाखाली वीतभर जागा आहे. मी मोजली आहे.